बाद झालेला परत येतो

दिवाळी आटोपते, धान कापून बांध्या मोकळ्या होतात, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडते आणि नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील खेड्यांत रात्रीच्या वेळी उजेडाची लहान लहान बेटे दिसू लागतात. जबलपूरच्या रस्त्याने कामठी, कन्हान मागे टाकावे आणि आमडी फाट्यावरून डावीकडे वळून पारशिवनीचा रस्ता धरावा. दोन्ही बाजूंना काळोखात बुडालेली शेते असतात, अंगाला पेंचच्या पाण्याचा गारवा लागतो आणि मध्येच एखाद्या गावाच्या शाळेमागे हॅलोजनचा पांढराफटक झोत दिसतो. लाउडस्पीकरवरून कोणीतरी घसा फोडून बोलत असते. नवख्या माणसाला वाटते, लग्न असावे. पण लग्नात एवढी माणसे इतक्या एकाग्रतेने एकाच जागी पाहत नसतात. तिथे कबड्डीचे सामने चाललेले असतात.

या सामन्यांना कोणी मोठे म्हणत नाही. वर्तमानपत्रात आले तर आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि त्यातल्या दोन ओळी पाहुण्यांच्या नावांच्या असतात. खेळणाऱ्या मुलांपैकी कोणी उद्या देशाकडून खेळेल, ही शक्यता नसल्यात जमा. तरीही ऐन थंडीत घोंगड्या पांघरून शे-दोनशे माणसे रात्री एक-दीडपर्यंत जागची हलत नाहीत. ही माणसे नेमके काय पाहायला बसतात, हा प्रश्न मला १९८८ साली बँकेच्या नोकरीत या तालुक्यात बदलून आलो तेव्हा पडला. बदलीवरच्या माणसाची संध्याकाळ फार मोठी असते. कुटुंब नागपूरला, खोलीत एक स्टोव्ह आणि एक रेडिओ. शाखेतल्या शिपायाने एकदा म्हटले, "साहेब, खोलीत बसून काय करता जी? चाला, कबड्डी पाहाले." गेलो. त्यानंतर बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, कादंबऱ्या लिहून झाल्या, निवृत्तीही झाली. पण हिवाळ्यातल्या दोन-चार रात्री या तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या मैदानाशेजारी काढण्याचा परिपाठ काही सुटला नाही.

चौदाशे चौरस फूट

कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. हिशेब केला तर साधारण चौदाशे चौरस फूट. म्हणजे नागपूरच्या जुन्या ले-आउटमधला एक बेताचा प्लॉट. एवढ्या जागेत चौदा माणसे खेळतात आणि एक अख्खे गाव गुंतून पडते.

ही जागा तयार करणे हाच एक सोहळा असतो. आठवडाभर आधी मंडळाची मुले जमीन खणतात, खडे वेचतात, शेतातली मऊ माती चाळून पसरतात, पाणी शिंपडून ती दाबतात आणि चुन्याने रेषा आखतात. मधली ती मध्यरेषा. तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. चढाई करणाऱ्याने ती ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. तिच्याही मागे एक मीटरवर बोनसची रेषा. चारी बाजूंना बल्ल्या रोवून दोर बांधला की मैदान झाले. एका अंगाला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आणून उभ्या केल्या की गॅलरी झाली. शाळेचा व्हरांडा बायकांचा. वर्गातला फळा बाहेर आणून त्यावर खडूने गुण लिहायचे. आलूबोंड्याची कढई नेहमी वाऱ्याच्या बाजूला असते, त्यामुळे मध्यंतरापर्यंत सगळ्यांच्याच पोटात कालवाकालव सुरू होते.

मोठ्या स्पर्धांतून वजनाची एकच मर्यादा असते. आमच्याकडे बहुधा वजनगट पाडतात. दुपारी शाळेत वजने होतात आणि धान मोजायच्या काट्यावर कपडे उतरवून उभी राहिलेली मुले पाहण्यासारखी असतात. साठ किलोंच्या आतल्या गटात बसण्यासाठी सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेला पोरगा काट्यावरून उतरला, की धावतच आलूबोंड्याच्या गाडीकडे जातो.

कबड्डीतल्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. उद्घाटनाला गावचे सरपंच आलेले असतातच. निवेदकाने माइकवरून "सरपंचांचा निर्णय अंतिम राहील" असे सांगितले, की ट्रॉलीवरून हमखास आवाज येतो, "कोन्त्या सरपंचाचा बे?" हा विनोद मी पस्तीस वर्षे ऐकत आलो आहे आणि तो अजून शिळा झालेला नाही.

पैशाचा मामला वर्गणीचा. किराणा दुकानदार, कृषी केंद्रवाला, मास्तर, ग्रामसेवक यांच्या नावाने पावत्या फाटतात. माझ्याही नावाने फाटत. कोणी आईच्या स्मरणार्थ ढाल देतो, कोणी भावाच्या. खरी रंगत सामना सुरू झाल्यावर येते. निवेदक ओरडतो, "पुढच्या पकडीले पानठेल्याकडून एक्कावन्न रुपये!" लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून कोणीतरी चिठ्ठी पाठवतो: चढाईला एकशे एक. बँकेच्या खुर्चीत बसून मी हजारो कर्जप्रकरणे पाहिली. त्याच माणसांना इथे मैदानाच्या कडेला खिशातली शेवटची नोट चापून पाहताना, मग ती हसत हसत देऊन टाकताना पाहिले आणि माझ्या फाइलींत त्यांच्याविषयी बरेच काही लिहायचे राहून गेले आहे असे वाटले.

बाहेरगावचे संघ शाळेच्या खोल्यांतून उतरतात. त्यांचे जेवण गावाकडे असते. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळी. ज्या घरी संध्याकाळी पाटावर बसून जेवला, त्याच घरच्या मुलाचा घोटा रात्री पकडायचा असतो. दोन्ही गोष्टी मनापासून केल्या जातात.

हा कोनाचा पोट्टा?

टीव्हीवर सामना पाहताना आपण खेळाडूला त्याच्या नावाने आणि पाठीवरच्या क्रमांकाने ओळखतो. इथले प्रेक्षक घराने ओळखतात.

"हा कोनाचा पोट्टा जी?"

"कॅनॉलच्या बाजूनं वावर नाही का त्याह्यचं? त्याचा बाप बी कोपऱ्यातच खेळे."

एवढे कळले की त्या मुलाकडून काय अपेक्षा करायची हे ठरते. बाप कोपरारक्षक होता, म्हणजे पोराचे हात थांबणारे असणार. कबड्डीत कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याचा सगळा खेळ थांबण्याचा असतो. चढाईवाला पाय टाकतो, काढतो, हुलकावणी देतो, आणि तो क्षण येईपर्यंत कोपऱ्यातल्याने मोह आवरायचा असतो. घाईने झेपावला की गेला. योग्य वेळी घोटा हातात आला, की मग तो सोडायचा नाही. अंगावर चार जण पडले तरी नाही.

माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ दर वर्षी भेटतात. तरुणपणी ते तालुक्यात नावाजलेले पकडवाले होते. आता दोन्ही गुडघे गेले आहेत. ट्रॉलीवर ते माझ्या शेजारी बसतात आणि चढाई सुरू झाली की नकळत माझे मनगट धरतात. चढाईवाला जसजसा आत येतो तसतशी त्यांची पकड आवळत जाते. सामना अटीतटीचा झाला, तर दुसऱ्या दिवशी माझ्या मनगटावर वळ असतो. ते स्वतः आता मैदानात उतरू शकत नाहीत, पण त्यांचे हात अजून निवृत्त झालेले नाहीत.

इथला प्रेक्षक निवाडाही करतो आणि तो कठोर असतो. "अबे, काऊन गेला आंदर? दम हाये का तुयात?" हे वाक्य सख्खा काकाच ओरडतो. पण तोच काका सामना संपल्यावर पोराला चहा पाजायला नेतो. सकाळी त्याच पोराबरोबर त्याला कापूस वेचायला जायचे असते, बैल सोडायचे असतात, सोसायटीत रांगेत उभे राहायचे असते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या मैदानात हरलेला खेळाडू बसमध्ये बसून निघून जातो. इथे हरलेल्याला त्याच गल्लीतून घरी जावे लागते आणि ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याच दारावरून जावे लागते. म्हणून शिवीलाही एक मर्यादा राहते.

संजीवनी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही माणसे काय पाहायला बसतात?

कबड्डीला, तिच्या हुतुतूच्या दिवसांत, महाराष्ट्रात तीन रूपे होती. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये कोणी बाद होऊन बाहेर जातच नसे. नुसते गुण मोजायचे. तिसरे रूप संजीवनीचे. त्यात आपल्या गड्याने समोरचा एक मारला, की आपला एक बाद झालेला परत आत येई. गेल्या शतकात या खेळाला लिखित नियम मिळाले, त्यांत हे संजीवनीचे तत्त्व टिकले. आज पारशिवनीच्या मातीत आणि आशियाई स्पर्धेच्या मॅटवर जी कबड्डी खेळली जाते, ती याच तत्त्वावर.

क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता गेला. कबड्डीत बाद झालेला मैदानाच्या कडेला ओळीने बसतो आणि वाट पाहतो. संघातल्या कोणीतरी गुण आणला की तो उठतो. त्यातही नियम असा, की ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत यायचे. म्हणजे जो सगळ्यांत आधी चुकला, तोच सगळ्यांत आधी परत येतो. सातही जण बाद झाले तर 'लोण' होतो. समोरच्यांना दोन गुण जादा मिळतात आणि हरलेल्यांचे सातच्या सात गडी पुन्हा उभे राहतात. बँकेत थकीत खात्यांचे कितीतरी नियम मी राबवले. इतक्या मोजक्या दंडात सगळ्यांना पुन्हा उभे करणारी योजना माझ्या टेबलावर कधी आली नाही.

आमच्याकडचे लोक 'बाद' म्हणत नाहीत. 'मेला' म्हणतात, आणि परत आला की 'जित्ता झाला'.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. यजमान गावाचा सामना कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या एका संघाशी होता. खाणीकडची मुले अंगाने भरलेली, सरावातली. पहिल्याच मिनिटाला यजमानांचा एक धिप्पाड पोरगा कोणी हात न लावताच रेषेबाहेर पाय टाकून बाद झाला. याच्याइतके लाजिरवाणे बाद होणे कबड्डीत दुसरे नाही. ट्रॉलीवरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पुढे एकेक करत सहा गेले. सगळे ओळीने बसले. धिप्पाड पोरगा पहिल्या नंबरावर, मान खाली घालून. मैदानात उरला एकच. अंगाने काडी. त्याचा संघ सात गुणांनी मागे.

समोर सात जण असताना बोनस घेता येतो. एक पाय हवेत ठेवून दुसरा बोनस रेषेपलीकडे टेकवला की एक गुण. सोपा गुण. पण बोनसने कोणी जित्ता होत नाही. फळ्यावरचा आकडा तेवढा वाढतो. त्या काडीपोराने दम धरला आणि आत गेला तेव्हा व्हरांड्यातून एक बाई उभी राहून ओरडली, "बोनस नोको घेऊ रे! मानूस आन!"

तो आत गेला. उजव्या कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, परत फिरल्यासारखे केले आणि मागच्या मागे पाय झाडला. पायाचे बोट कोणाच्या तरी गुडघ्याला लागले असावे. तिघे अंगावर आले. मध्यरेषा हातभर राहिली असताना तो उताणा पडला आणि पडल्या पडल्या त्याने हात मागे टाकला. बोटे रेषेपलीकडे टेकली. पंचाची शिटी वाजली. एक नव्हे, चार गुण: पायाने मारलेला एक आणि अंगावर आलेले तिघे.

कडेच्या ओळीतून चौघे उठले. सगळ्यांत आधी तो धिप्पाड पोरगा. त्याने हातांना माती चोळली, काडीपोराला हात देऊन उठवले आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. कोणी काही बोलले नाही. दहा मिनिटांपूर्वी ज्यांनी त्याचा उद्धार केला होता, तेच आता पुढे सरकून बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्यांनी माझे मनगट सोडले आणि म्हणाले, "आता पाहा जी."

तो सामना यजमान गाव तीन गुणांनी हरले. हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर कादंबरीकाराने शेवट गोड केला असे होईल. पण घरी जाणाऱ्या लोकांच्या तोंडी निकाल नव्हताच. प्रत्येक जण तेच चार गुण एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू दुसऱ्याने ते पाहिलेच नव्हते.

हा भाग कापसाचा, धानाचा आणि पावसाच्या मर्जीचा आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचे फार नुकसान केले. त्या हिवाळ्यात मी नेहमीच्या गावी गेलो तेव्हा ढाल लहान होती, माइकवरची बक्षिसे अकरा रुपयांवर आली होती, पण माणसे तेवढीच होती. हंगाम बुडालेला माणूस कडेच्या ओळीत बसलेल्या गड्यासारखाच असतो. त्याचे स्वतःचे हातपाय धड असतात, पण उठायचे कधी हे त्याच्या हातात नसते. दुसऱ्या कोणीतरी गुण आणावा लागतो. हे त्या लोकांनी मला सांगितलेले नाही. तसे कोणी सांगतही नाही. त्यांना गडी परत आत येताना पाहायचे असते, एवढे मात्र मी इतक्या हिवाळ्यांत पाहिले आहे.

सातासमुद्रापलीकडची ट्रॉली

कबड्डीचा मोठा इतिहास विदर्भाला परका नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचे पथक देशी व्यायाम आणि खेळ घेऊन तिकडे गेले होते, त्यात आपली ही मातीतली झुंजही होती. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा स्वतंत्र संघ उतरतो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रथमच पदकाचा मान मिळाला आणि त्या स्पर्धेत भारताला मिळालेले एकुलते एक सुवर्णपदक कबड्डीचेच होते. २०१४ साली प्रो कबड्डी आली, खेळ मॅटवर गेला, दिव्यांच्या झगमगाटात गेला, आणि २०१८ पासून लिलावात बोली कोटीच्या वर पोहोचली. त्याच २०१८ साली जकार्ता येथे इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवले. पुढच्या आशियाई स्पर्धेत, हांगझोऊला २०२३ साली, दोन्ही संघ पुन्हा सुवर्ण घेऊन आले.

शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आमच्या पारशिवनीकडे सगळे खेळाडू चिखलात गुडघाभर उभे राहून रोवणी करत असतात. त्यांचा कबड्डी दिन थंडीत येतो.

या मोठ्या कबड्डीचा मला हेवा किंवा राग नाही. ती पाहायला मलाही आवडते. पण मोठ्या खेळाचे आणि लहान मैदानाचे नाते नाजूक असते, हे मला फार दूर गेल्यावर कळले. माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असते. तिच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी जावयाने बेसबॉलच्या सामन्याला नेले. मोठ्या लीगचा सामना नव्हे. तिच्या खालच्या, 'मायनर लीग' म्हणतात त्या दर्जाचा. गाव लहान, मैदान साधे, लाकडी बाके. खेळाचे नियम मला अर्धेमुर्धे कळले, पण प्रेक्षक मात्र लगेच कळले. एक आजोबा मांडीवर कागद घेऊन पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. खेळाच्या मध्यंतरांत लहान मुलांना मैदानात पळू देत होते. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे जण उठून उभे राहिले, हातपाय ताणले, एकत्र गायले आणि पुन्हा बसले. शेजारची बाई समोरच्या खेळाडूविषयी जावयाला काहीतरी सांगत होती. मी विचारले, काय म्हणते? जावई म्हणाला, "हा मुलगा आमच्या चर्चमधल्या एका कुटुंबाकडे राहतो म्हणते." मला पाटावर जेवणारी आमच्याकडची पोरे आठवली.

त्या मायनर लीगचे संघ मोठ्या लीगच्या तीस संघांशी जोडलेले असतात. तिथून घडलेला खेळाडू वर जातो. २०२१ साली मोठ्या लीगने ही सगळी व्यवस्था नव्याने बांधली आणि जोडलेल्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीस गावांच्या मैदानांची नाळ तुटली. काही गावांनी हार मानली नाही. कॉलेजच्या मुलांचे उन्हाळी सामने भरवून दिवे चालू ठेवले. वरच्यांच्या हिशेबात ती मैदाने खेळाडू पुरवणारी नर्सरी होती. त्या बाकांवर बसणाऱ्यांच्या हिशेबात ती त्यांची संध्याकाळ होती. दोन हिशेब एका वहीत बसत नाहीत.

आली का वापस?

आमच्या खेड्यांतल्या या स्पर्धांची नाळ तोडायची झाली तरी कोणी तोडणार? त्या कोणाशी जोडलेल्याच नसतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या वरच्या पातळीवरच्या स्पर्धा खेळाव्या लागतात. गावच्या मंडळाने दिलेले प्रमाणपत्र घरातल्या भिंतीवर शोभते, तेवढेच. त्यामुळे ज्याला खेळातून नोकरी मिळवायची आहे तो मॅट शोधत नागपूरला जातो. ज्याला नुसती नोकरी हवी तो बुटीबोरी नाहीतर पुण्याला जातो. कुठे चार संघ कमी येतात, कुठे सामने तीन रात्रींऐवजी दोन रात्रींत आटोपतात. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन फिरणारी मुले दर वर्षी थोडी कमी दिसतात. असे मैदान कोणी बंद करत नाही. एखाद्या हिवाळ्यात माती चाळायला कोणी आले नाही, की ते बंद झालेले असते.

पण दुसरी बाजूही आहे. गेल्या काही वर्षांत एक पोरगा बल्लीला मोबाइल बांधून सामन्याचे थेट प्रक्षेपण करताना दिसतो. पुण्याच्या कंपनीत रात्रपाळीवर असलेला गावचा जुना चढाईवाला तिथून लिहितो, "डावा कोपरा मोकळा हाये, सांगा त्याले." निवेदक ते माइकवरून वाचून दाखवतो. माणूस गावाबाहेर गेला, पण ओळीतून उठलेला नाही.

आणि मुली आल्या आहेत. मी पहिल्यांदा आलो त्या काळात इथल्या रात्रीच्या मैदानात मुली खेळताना मला दिसल्या नाहीत. व्हरांड्यात बसत, तेवढेच. आता अंतिम सामन्याच्या आधी मुलींचा सामना होतो. त्यांचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. पुरुषांच्या रेषांच्या आतच चुन्याने दुसरे आखून घेतात. मुलींच्या सामन्यात ट्रॉलीवरचे लोक सुरुवातीला जरा गप्प असतात. ओरडायचे तर काय ओरडायचे? पुरुषांना देतात त्या शिव्या चालत नाहीत. मग पहिली पकड होते, समोरच्या संघाची चढाईवाली खाली येते, आणि सगळा संकोच गळून पडतो. "सोडू नोको वो बाई! धरून ठेव!"

मागच्या खेपेस व्हरांड्याच्या पायरीवर एक बाई बसलेली पाहिली. तिची मुलगी चढाई करणारी होती; नववी-दहावीतली, दोन वेण्या, हातात काचेच्या बांगड्यांच्या जागी पांढरी पट्टी. मुलगी मध्यरेषा ओलांडून आत गेली, की ही बाई पदर तोंडावर ओढून घेई आणि खाली मातीकडे पाहत बसे. शिटी वाजली की शेजारणीला विचारी, "आली का वापस?" शेजारीण म्हणे, "आली." मग पदर खाली. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. अख्ख्या सामन्यात तिने मुलीची एकही चढाई पाहिली नाही, पण ती जागची हललीही नाही. एकदा शेजारीण म्हणाली, "नाही आली वो. धरली तिले." बाईने पदर काढला आणि कडेच्या ओळीत बसलेल्या मुलीकडे पाहू लागली. दोघींची नजरानजर झाली असावी. मुलीने खांदे उडवले, म्हणजे, थांब, येते. दोन चढायांनंतर ती परत आत होती.

येत्या हिवाळ्यात एखादी शनिवारची रात्र काढून मुलांना घेऊन तिकडे जाऊन पाहा. कोणते गाव, हे विचारायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही चहाच्या टपरीवर सांगतील. तिकीट नसते. कोणी पावतीपुस्तक पुढे केले तर जमेल तेवढ्याची पावती फाडा. गरम चादर न्या, बारानंतर पेंचकडून बोचरा वारा सुटतो. आलूबोंडे ताज्या घाण्यातले मागून घ्या. मुलांना निदान रेषा आणि बोनस रेषा यांतला फरक समजावून सांगायला शेजारचा कोणीही तयार असतो. ट्रॉलीवर जागा मिळेल. तिथे एखाद्या वृद्ध गृहस्थांनी चढाई सुरू होताच तुमचे मनगट धरले, तर ते धरू द्या.